सदतीस नॉर्मल

डॉक्टरवर डूख धरायचा तर तो रीतसर धरायचा, कागदपत्रांसकट, असं थोरलीनं ठरवलं तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीला जाऊन सहा आठवडे झाले होते. तोवर तिनं बाकीचं सगळं करून पाहिलं होतं. रडून झालं होतं, दातओठ खाऊन झालं होतं, मनातल्या मनात त्याला चारदा जिन्यावरून ढकलूनही झालं होतं. एवढं करून त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तो रोज साडेनऊला आरोग्य केंद्रात येत होता, दारातल्या शिपायाची विचारपूस करत होता आणि हसत होता. सगळं केंद्र त्याला हसरा डॉक्टर म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. थोरलीनं मनात त्याला अरेतुरे करायला सुरुवात केली होती, आणि आपणही तेच करू.

थोरली त्याच केंद्रात तिसऱ्या मजल्यावर नोंदणी विभागात होती. तिचं काम कोड लावायचं. डॉक्टर आपल्या भाषेत लिहितात, घसा लाल, ताप, गोळ्या दिल्या. कोडवाल्या बायका त्याचं एक अक्षर आणि दोनचार आकडे करतात, आणि पुढं संगणकाला तेवढंच कळतं. विभागात तिघी कोडवाल्या आणि त्यांच्यावर मुख्य बाई. मुख्य बाईंना दिवसाचं काम दिवसात संपण्यापलीकडे कशाचंही सोयरसुतक नव्हतं.

आता हे कोडाचं प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथंच होती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून दर तीन वर्षांनी बायकांची तपासणी करतात. ब्रशनं थोड्या पेशी घ्यायच्या आणि लॅबला पाठवायच्या, पाच मिनिटांचं काम. जिची तपासणी राहिली असेल तिच्या नावापुढं डॉक्टरच्या पडद्यावर लाल ठिपका दिसतो. तपासणी झाली, की झेड बारा पॉइंट चार हा कोड लागतो, ठिपका जातो आणि तीन वर्षं त्या बाईला कोणी काही विचारत नाही. वावगं काही निघालं तर आर अक्षरानं सुरू होणारा आणखी एक कोड जोडायचा. नॉर्मल निघालं तर काहीच जोडायचं नाही. म्हणजे नॉर्मल निकाल ही कोडवाल्यांच्या लेखी पुढची रिकामी जागा. त्यामुळं तपासून काही न सापडलेली बाई आणि मुळात न तपासलेली बाई, दोघी कागदावर अगदी सारख्या दिसतात. लॅबचा कागद तिसऱ्या मजल्यावर येतच नसे. डॉक्टरनं लिहिलेली एक ओळ, तोच पुरावा.

धाकटीच्या नावावर अशा दोन ओळी होत्या, तीन वर्षांच्या अंतरानं. तपासणी केली, नॉर्मल. दोन्ही हसऱ्या डॉक्टरच्या. आणि धाकटी शेवटपर्यंत सांगत राहिली की पहिल्या वेळी ती खोकल्यासाठी गेली होती आणि दुसऱ्या वेळी खांदा धरला होता म्हणून.

"ताई, मी पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती गं," ती म्हणायची. "तपासणी कुठून होणार?"

तिला तोच कॅन्सर निघाला तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात कोणी तिचं खरं मानलं नाही. रेकॉर्डमध्ये नॉर्मल आहे म्हणजे तपासणी झालीच असणार, आजारपणात माणूस विसरतं, असं तिथल्या बाईंनी थोरलीला बाजूला घेऊन समजावलं. हसरा डॉक्टर धाकटीला भेटायला म्हणून घरी येऊन गेला. पाऊण तास बसला. काही काही आजार असे चोरपावलांनी येतात, तपासणीतसुद्धा पकडता येत नाहीत, असं म्हणाला आणि जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून हसला. धाकटी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

पण मेलेल्या बाईच्या शब्दावर डॉक्टरला धरता येत नाही. थोरलीला असं काहीतरी हवं होतं जे कोणाला विसरभोळेपणावर ढकलता येणार नाही. ते तिला सापडलं जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि सापडलं ते तिच्याच एका जुन्या विनोदातून.

विभागातली नवी मुलगी पडद्याकडे बघून खिदळली आणि म्हणाली, "ताई, आली बघा तुमची एक. हिलाही नवीन फुटलंय."

हा विनोद मूळचा थोरलीचा. व्हायचं असं, की एखाद्या बाईच्या फायलीत दुसऱ्या हॉस्पिटलाकडून आलेला जुना कोड असायचा: ऑपरेशन करून गर्भाशय आणि गर्भाशयमुख काढलेलं आहे. आणि केंद्रातून नवी नोंद यायची: गर्भाशयमुखाची तपासणी केली, नॉर्मल. संगणक लगेच पिवळी चौकट दाखवायचा की हे दोन कोड एकत्र बसत नाहीत. यावर मुख्य बाईंचा शिरस्ता ठरलेला होता, जुनं उडवा आणि नवं ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलचं जुनंपानं गणित आपण कशाला सोडवत बसायचं. मग जुना कोड खोडायचा, चौकट जायची, पुढची फाइल. अशी फाइल आली की थोरली म्हणायची, बाईला नवीन फुटलं वाटतं, आणि तिघी हसायच्या.

त्या दिवशी ती हसली नाही. जे शरीरात नाहीच ते तपासून नॉर्मल आहे असं लिहिणारा माणूस तपासत नसतो, नुसतं लिहीत असतो. धाकटी विसरली असेल. पण ज्या बाईला गर्भाशयमुखच नाही तिचं नॉर्मल कुठून आणणार?

पुढचे एकोणीस दिवस थोरली जेवणाच्या सुट्टीत जेवली नाही. फायलीतून खोडलेलं काही कायमचं जात नाही. मागच्या पानावर राहतं, कोणी खोडलं आणि कधी खोडलं त्यासकट. तिनं पाच वर्षांची मागची पानं काढली. चव्वेचाळीस बायका निघाल्या. त्यातल्या सात जणींचं फक्त गर्भाशय काढलं होतं आणि मुख तसंच ठेवलं होतं, त्या तिनं स्वतःहून वगळल्या, कारण एका जरी नावात त्याला पळवाट मिळाली असती तर तो हसत हसत निसटला असता. राहिल्या सदतीस. सदतीस नॉर्मल निकाल, सगळेच्या सगळे हसऱ्या डॉक्टरचे. लाल ठिपका नकोसा व्हायचा म्हणून तो ओळ टाकून मोकळा व्हायचा, बाई मग खोकल्यासाठी आलेली असो की कान दुखतो म्हणून. त्याच पुसलेल्या ठिपक्यांवर केंद्राला दोनदा मानपत्र मिळालं होतं आणि ते खाली भिंतीवर काचेत लावलेलं होतं.

मग तिनं दुसरा रकाना पाहिला, कोणी खोडलं त्याचा. सदतीसपैकी बावीस ठिकाणी तिचंच नाव होतं. सगळ्यात जुनी नोंद धाकटीच्या दुसऱ्या नॉर्मलच्या आठ महिने आधीची होती. म्हणजे त्या पहिल्या पिवळ्या चौकटीला थोरलीनं हसण्याऐवजी कोणाला विचारलं असतं, तर आठ महिन्यांनी धाकटीच्या नावापुढचा ठिपका खोट्यानं गेला नसता. ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा राग कमी झालेला नव्हता. त्यात एक माणूस वाढलं होतं, एवढंच.

असल्या गोष्टी लपत नाहीत. मुख्य बाईंनी वास काढला आणि दुसऱ्या दिवशी हसरा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर हजर झाला. सतरा वर्षांत तो तिथं पहिल्यांदा आला होता. खुर्ची ओढून बसला, धाकटीची आठवण काढली, उसासा टाकला, आणि मग मुद्द्यावर आला.

"ताई, मी बघितलं. त्या नोंदींत बावीस वेळा खोडणारा हात तुमचा आहे," तो म्हणाला. "चौकशी लागली तर आपण एकाच माळेचे मणी ठरू. तुम्ही इतकी वर्षं नोकरी केलीत. कशाला मातीत घालताय?"

"मलाही तसंच वाटलं," थोरली म्हणाली. "म्हणून तक्रारीत पहिलं नाव माझंच घातलंय. तुमचं दुसरं आहे."

तक्रार सकाळीच वर गेली होती. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस कुठंतरी निघून गेला. ते बघून थोरलीला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

चौकशीला तिघे जण बसले. सदतीस बायकांपुढं कोणाचं काही चाललं नाही. डॉक्टरनं एकदा टाइपिंगची चूक म्हणून पाहिलं, एकदा नर्सवर ढकलून पाहिलं. शेवटी मान खाली घातली. त्याला कामावरून दूर केलं आणि पुढची कारवाई सुरू झाली. मुख्य बाईंची बदली झाली. थोरलीलाही नोकरी सोडायला सांगितलं, पण लगेच नाही. हसऱ्या डॉक्टरनं नॉर्मल लिहिलेल्या दोन हजार तीनशे बायकांना पुन्हा बोलवायचं होतं, आणि त्या फायली थोरलीइतक्या दुसऱ्या कोणाला माहीत नव्हत्या. ते काम संपेतो राहा आणि मग जा, असा हुकूम निघाला. तळमजल्यावर काचेची खिडकी असलेली एक खोली तिला दिली. आता लॅबचा कागद थेट तिच्याकडे येणार होता. ती कोड लावणार आणि मग निकालाचं पत्र जाणार, तपासणीपासून पंधरा दिवसांच्या आत, ज्या बाईचा निकाल तिच्याच हातात, दुसऱ्या कोणाच्या नाही.

बोलावण्याची यादी कुठल्या क्रमानं करायची हे कोणी सांगितलं नव्हतं. थोरलीनं सगळ्यात वर डॉक्टरच्या बायकोचं नाव घातलं. होय, तिचीही फाइल केंद्रात होती, आणि तीन वेळा नॉर्मल लिहिलेलं होतं. स्वतःच्या बायकोलासुद्धा या माणसानं एका ओळीत उरकलं होतं. पहिलं पत्र तिच्या घरी गेलं: आपली तपासणी झाल्याची नोंद खोटी आहे, तरी कृपया यावे. पाकीट चिकटवताना थोरलीनं ते दोनदा दाबलं. ते कोणी उघडावं, कुठल्या खोलीत उघडावं आणि तेव्हा तो कुठं बसलेला असावा, हे सगळं तिनं मनाशी रंगवून ठेवलं होतं.

बायको आली, नर्सकडून तपासणी करून घेतली आणि कोणाशी न बोलता गेली. उंच, मोजकं बोलणारी बाई. त्यानंतर पाचव्या दिवशी खिडकीशी डॉक्टर उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. हसू कुठं पडलं होतं कोण जाणे.

बायकोचा निकाल आला का, असं त्यानं विचारलं. आल्यावर पत्र जाईल, असं थोरलीनं सांगितलं. तो हलला नाही. मग काचेला तोंड लावून खालच्या आवाजात म्हणाला, की चार महिने तिच्या अंगावरून जातंय, मध्येच, कधीही. तिनं त्याला सांगितलं होतं. वयानं होतं असं, म्हणून त्यानं विषय संपवला होता. लॅबवाले आता त्याचा फोन उचलत नव्हते.

"मी डॉक्टर आहे, मला माहितीय हे कशाचं असू शकतं," तो म्हणाला. "नुसतं आहे की नाही एवढं सांगा."

थोरलीनं खिडकीची पट्टी ओढली.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. थोरलीनं कागद दोनदा वाचला. नमुना पुरेसा. पेशी निकोप. नॉर्मल, आणि या वेळी खराखुरा. खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा राग आला. धाकटीला नाही मिळालं आणि याच्या घरात मिळालं. तिनं झेडचा कोड टाकला आणि बोट आरच्या कोडांच्या यादीवर गेलं. एक कोड जोडला की घरी वेगळं पत्र जाणार होतं: काही वावगं आढळलं आहे, पुन्हा या. एक महिनाभर तरी त्याची झोप उडाली असती. तिचं बोट तिथं चांगलं मिनिटभर राहिलं. मग तिनं ते काढून घेतलं. चांगुलपणा म्हणून नाही. खोटी ओळ टाकणं हा त्याचा धंदा होता, आणि तिला त्याच्यासारखं काहीही करायचं नव्हतं.

पण उशीर करणं खोटं नव्हतं. पंधरा दिवसांची मुदत होती. तिनं ती फाइल पन्नास फायलींच्या खाली सरकवली.

तो रोज यायला लागला. समोरच्या बाकावर बसायचा, तासातासानं उठून खिडकीशी यायचा. ती रोज तेच सांगायची, कोडिंग व्हायचंय. असलं सुख तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. चहा पिताना ती मुद्दाम त्याला दिसेल अशी बसायची. घरी गेल्यावर धाकटीच्या फोटोसमोर उभी राहून ती त्याचा तो दिवस तिला रंगवून सांगायची, आज त्यानं नखं कुरतडली, आज तो बाकावरच पेंगला.

चौथ्या दिवशी तो मोडल्यासारखा बोलला. म्हणाला, तिनं कपाटं आवरायला काढलीत. लेकीला बसवून कुठली चावी कशाची ते सांगते. मला काही सांगत नाही.

थोरलीच्या हातातलं पेन थांबलं. धाकटीनंही कपाटं आवरली होती. प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी लावली होती, हिवाळ्याचे कपडे, मुलाची जुनी पुस्तकं, ताईला द्यायचं. आपण ज्याला टांगलंय त्याच्याच दोरीला त्याची बायकोही लटकलीय, हे तिच्या इतक्या दिवसांत ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली. डॉक्टर बाकावर परत जाऊन बसल्यावर तिनं फाइल वर काढली, झेड बारा पॉइंट चार कायम केला, पुढची जागा रिकामी ठेवली आणि त्याच्या बायकोला फोन लावला.

"तुमचा निकाल नॉर्मल आहे," ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वीच आलाय. मी दाबून ठेवला होता. माझी चूक आहे, तुम्ही तक्रार करू शकता."



"तुमची बहीण गेली ना," बायको म्हणाली. "तुम्हीच ना त्या?"

थोरली हो म्हणाली. मग तिनं घाईनं सांगितलं की ही तपासणी तेवढ्यापुरती आहे, अंगावरून जातंय त्यासाठी वेगळं दाखवायला हवं, टाळू नका. बायको म्हणाली, की दाखवलंय, दुसऱ्या गावातल्या डॉक्टरीण बाईंना. आत एक साधी गाठ आहे, पुढच्या आठवड्यात काढतील, काळजीचं कारण नाही. कपाटंही त्यासाठीच आवरली. दोन दिवस हॉस्पिटलात राहायचं म्हणजे घर लेकीला माहीत हवं.

थोरलीनं विचारलं, "हे डॉक्टरांना माहीत नाही?"

"मी त्यांना तीनदा सांगितलं होतं काय होतंय ते," बायको म्हणाली. "तीनदा त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, काही नाही. आता ते विचारतात, मीही सांगते, काही नाही. तुम्ही त्यांना निकाल सांगू नका. तो माझा आहे. कधी सांगायचा ते मी बघते."

थोरलीनं पत्र टपालात टाकलं. पुढचे चार दिवस सुट्टीचा वार सोडून तो येत राहिला, आणि ती कामात असल्याचं दाखवत राहिली. आता तिला चहा पिताना त्याच्याकडे बघायची गरज वाटत नव्हती. पाचव्या दिवशी तो खिडकीशी आला. मुदत आज संपते, असं तो म्हणाला. तो दिवस मोजत होता.

"निकाल कळवलाय," थोरली म्हणाली.

"कधी?"

"पाच दिवस झाले. तुमच्या बायकोशी मी स्वतः बोलले. पत्रही पोचल्याची सही आलीय."

त्यानं काचेवर हात टेकला. पाच दिवस. पाच दिवस ती त्याच्या समोर जेवली होती, त्याच्याशेजारी झोपली होती, काही कळलं का म्हणून त्यानं विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली होती. थोरलीला त्याच्या डोक्यात चाललेलं सगळं दिसत होतं. निकाल वाईट आहे आणि तो कोलमडेल म्हणून ती लपवतेय. किंवा निकाल चांगला आहे, आणि तो रोज इथं येऊन झुरतोय हे माहीत असून ती गप्प राहिलीय. आपल्या बायकोचा निकाल चांगला निघायला हवा की वाईट, हे त्या माणसाला क्षणभर ठरवता येईना. ते त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसलं, आणि आपल्याला काय वाटून गेलं ते त्यालाही कळलं. त्यानं काचेवरचा हात काढून घेतला.

"काय आहे?" तो म्हणाला.

"ते त्यांना विचारा," थोरली म्हणाली.

तो दारापर्यंत गेला. तिथून परत फिरून बाकावर येऊन बसला. केंद्र बंद व्हायची वेळ झाली, शिपाई दोनदा सांगून गेला, तरी त्याला घरी जायचा धीर होत नव्हता. थोरलीनं शेवटची फाइल मिटली, खिडकीला कडी लावली आणि त्याच्या समोरून चालत बाहेर पडली.